विद्यार्थी परिषदेची निवडणूक घ्या आणि नियमाने घ्या : बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांना जाहीर इशारा

बीड जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रशासन, सर्व पक्षांचे जिल्ह्यातले पुढारी आणि उमेदवारीच्या तयारीत असलेले विद्यार्थी, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. तो आम्ही या जिल्ह्यातले पालक, माजी विद्यार्थी आणि शिक्षक देत आहोत.

महाविद्यालयांत विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक झालीच पाहिजे आणि ती नियमानेच झाली पाहिजे. ‘सध्या वातावरण ठीक नाही’ असे सांगून ती टाळलेली आम्ही खपवून घेणार नाही. ती जाहीर करून गुंडांच्या हवाली केलेलीही खपवून घेणार नाही. निवडणूक टाळणाऱ्याला विद्यार्थ्याचा आवाज नको असतो आणि ती बळकावणाऱ्यालाही तो नको असतो. दोघांचे भांडण दिखाऊ आहे, फायदा एकच आहे.

या राज्यात याआधी काय घडले, ते विसरू नका. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. महाविद्यालयांतल्या हाणामाऱ्या आवरता येत नाहीत म्हणून पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदानच बंद केले. गुणांवर वर्ग प्रतिनिधी, म्हणजे सीआर, नेमायचा आणि सीआरांनी आपल्यातून पुढचे पदाधिकारी निवडायचे, अशी पद्धत आली. त्याने दांडगाई संपली नाही, उलट सोपी झाली. हजार मतदारांना पटवण्याऐवजी वीस-पंचवीस सीआर ताब्यात ठेवले की भागू लागले. त्यांना ‘सहलीला’ न्यायचे, मोबाइल काढून घ्यायचे, मतदानाच्या दिवशी गाडीतून आणून थेट दारात उतरवायचे. पंचायत समितीच्या सभापतिपदासाठी जे चालते, ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शिकवले गेले.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९९ ने थेट निवडणूक परत आणली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांचा प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडायचे, प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी निवडायचा. २०१८ मध्ये निवडणुकीचे नियमही निघाले. २०१९ चे वेळापत्रक विधानसभा निवडणुकीसाठी पुढे ढकलले गेले, नंतर कोरोना आला. कोरोना गेला. २०२२ मध्ये आपल्याच विद्यापीठाच्या अधिसभेसाठी पदवीधरांनी मतदान केले. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली. अठरा वर्षांचा मुलगा खासदार निवडू शकतो, आमदार निवडू शकतो. मग वसतिगृहाच्या पाण्याविषयी आणि परीक्षा शुल्काविषयी बोलणारा आपला प्रतिनिधी त्याने का निवडू नये? याचे उत्तर आम्हाला आजवर कोणी दिलेले नाही.

बीडला विद्यार्थी चळवळ नवी नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात आणि पुढे नामांतराच्या लढ्यात या भागातले विद्यार्थी रस्त्यावर होते. अंबाजोगाईला महाविद्यालयात असताना गोपीनाथ मुंडे आणि प्रमोद महाजन यांची गाठ पडली आणि विद्यार्थी चळवळीतून दोघे दिल्लीपर्यंत गेले. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, खेड्यातून आलेल्या मुलाला महाविद्यालयाच्या आवारात उभे राहून बोलता येत होते, हे त्यातून दिसते. आज त्याच वयाच्या मुलाला घरचे सांगतात, ‘बाबा, तू यात पडू नको.’

ते तसे का सांगतात, हेही या जिल्ह्याला ठाऊक आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या झाली. त्यानंतर प्रशासनाला जिल्ह्यातले अनेक शस्त्रपरवाने रद्द करावे लागले. जातीची तेढ इतकी वाढली की पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती नावे लिहायची वेळ आली. निवडून आलेला सरपंच जिथे सुरक्षित राहिला नाही, तिथे बी.ए. दुसऱ्या वर्षाचा मुलगा कोणाच्या भरवशावर अर्ज भरणार? त्याला भरवसा नियमांचाच हवा. म्हणून पुढचे दहा नियम आम्ही मांडत आहोत. यांतले बरेचसे माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने देशभर लागू केले. त्याच्या महिनाभर आधी उज्जैनच्या माधव महाविद्यालयात निवडणुकीच्या वादात झालेल्या हल्ल्यानंतर प्रा. सभरवाल यांचा मृत्यू झाला होता. उरलेले नियम बीडच्या अनुभवातून आले आहेत.

१. तारीख. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्या आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतचे सगळे काम दहा दिवसांत उरका. बीडमध्ये याला दुसरे कारण आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. धारूर, वडवणी, केज, शिरूर, पाटोदा या भागांतली कितीतरी मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत गावात अडकून पडतात. निवडणूक दिवाळीनंतर ढकलणे म्हणजे कोयता घेणाऱ्या घरातल्या मुलांची मते आधीच कापून टाकणे. हे आम्ही होऊ देणार नाही.

२. मतदार यादी. नियमित, पूर्णवेळ विद्यार्थ्यांची यादी वर्गवार छापून सूचनाफलकावर लावा आणि हरकतींना पुरेसा अवधी द्या. प्रवेश इथे आणि मुक्काम लातूरच्या किंवा पुण्याच्या क्लासला, अशी कागदोपत्री नावे यादीत किती आहेत, ते हजेरीपट पाहून कळते. एरवी कधीच न आलेला विद्यार्थी मतदानाच्या दिवशी जीप भरून येणार असेल, तर त्याच्या हजेरीचा जाब प्राचार्यांनी द्यायचा आहे.

३. उमेदवार. पदवीसाठी वय १७ ते २२, पदव्युत्तरसाठी २४-२५ पर्यंत आणि संशोधकांसाठी २८ पर्यंत. हजेरी ७५ टक्के. चालू वर्षी विषय राहिलेला नसावा. ज्याच्यावर गुन्ह्याचा खटला चालला आहे किंवा ज्याला शिक्षा झाली आहे, तो उमेदवार होऊ शकत नाही. पदाधिकारी होण्यासाठी एकदाच उभे राहता येते. वर्षानुवर्षे कुठल्यातरी अभ्यासक्रमाला नाव लावून आवारात ठाण मांडलेल्यांनी आता बाहेर पडावे.

४. निवडणूक निर्णय अधिकारी. जिल्ह्यातल्या बहुतेक शिक्षणसंस्था पुढाऱ्यांच्या आहेत. त्याच संस्थेच्या पगारावर असलेला, त्यातही तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक संस्थाचालकाच्या पुतण्याचा अर्ज बाद करू शकेल, अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून निर्णय अधिकारी दुसऱ्या संस्थेतला आणि शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला असावा. ही नेमणूक विद्यापीठाने करावी.

५. अर्ज मागे घेणे. दडपण सगळ्यात जास्त इथेच येते. मुदत संपायला थोडा वेळ उरलेला असतो. दोन धडधाकट माणसांच्या मधोमध एक मुलगा कार्यालयात येतो. त्याचा अर्ज दुसऱ्यानेच लिहून आणलेला असतो, तो फक्त सही करतो. मान वर करत नाही. कारकून शिक्का मारतो आणि ‘बिनविरोध’ म्हणून बाहेर फटाके वाजतात. अशी बिनविरोध निवड आम्ही निवडणूक मानणार नाही. उमेदवाराने एकट्याने, ओळखपत्र दाखवून, बंद खोलीत निर्णय अधिकाऱ्यासमोर यावे. अधिकाऱ्याने त्याला स्पष्ट विचारावे की हे तू स्वतःच्या मर्जीने करतो आहेस का. हे सगळे कॅमेऱ्यात नोंदले जावे.

६. मुलींची उमेदवारी. मुलीला धमकी द्यायला कोणी महाविद्यालयात येत नाही, फोन गावात वडिलांना जातो. ‘पोरीला समजावा, तिचं लग्न व्हायचंय,’ एवढेच सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात दिसत नाही. बालविवाहांच्या आकड्यांत आपला जिल्हा राज्यात सतत वरच्या रांगेत असतो. इथे पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली मुलगी आधीच मोठी लढाई जिंकून आलेली असते. तिच्या घरी गेलेला असा प्रत्येक फोन हा गुन्हा समजून महाविद्यालयाने स्वतः पोलिसांत तक्रार द्यावी. ‘घरचा मामला’ म्हणून हात झटकणाऱ्या प्राचार्यांचे नाव आम्ही जाहीर करू.

७. खर्च. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा आहे. राजकीय पक्षाचा पैसा चालत नाही. छापील पोस्टर चालत नाही, हाताने लिहिलेले चालते आणि तेही ठरवून दिलेल्या जागीच. आवाराबाहेरची मिरवणूक, ध्वनिक्षेपक, प्रचाराची वाहने यांना मनाई आहे. तेव्हा चौकातले डिजिटल बॅनर, धाब्यावरच्या पार्ट्या आणि पेट्रोल पंपावरची उधारी हे सगळे खर्चात धरले जाईल. आम्ही फोटो काढू, तारीख-वेळ नोंदवू आणि तक्रार करू.

८. बाहेरचा माणूस. हजेरीपटावर नाव नसलेल्या कोणालाही या निवडणुकीत कोणत्याही नात्याने भाग घेता येत नाही. यात आमदारांचे कार्यकर्ते आले, नगरसेवक आले, माजी जीएस, म्हणजे सरचिटणीसही आले. फाटकावर ओळखपत्र तपासा. गुन्हा घडला तर १२ तासांच्या आत पोलिसांना कळवण्याचे बंधन महाविद्यालयावर आहे. आपसात मिटवायला बसलेला प्राचार्य या बंधनातून सुटत नाही.

९. जात. जातीच्या किंवा धर्माच्या नावाने मत मागणे हा आचारसंहितेचा भंग आहे. पोलिसांनी पाटीवरून आडनाव उतरवले, विद्यार्थ्यांनी ते प्रचारातून उतरवावे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘आपला माणूस’ म्हणून फिरणारा एक संदेशही उमेदवारी रद्द व्हायला पुरेसा आहे, हे प्रत्येक पॅनलने ध्यानात ठेवावे.

१०. मोजणी आणि तक्रार. मतमोजणी त्याच दिवशी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी. तक्रार निवारण समिती निवडणुकीपूर्वीच नेमा. तिच्यावर प्राध्यापक आणि अधिकाऱ्यांबरोबर अंतिम वर्षाचा एक मुलगा आणि एक मुलगी असली पाहिजे. निकालानंतर तीन आठवड्यांपर्यंत तक्रार करता येते. नियम मोडून निवडून आलेल्याचे पद गेले पाहिजे.

पक्षांच्या पुढाऱ्यांना वेगळे सांगतो. तुमच्या विद्यार्थी संघटना आहेत, त्यांना विचार मांडू द्या, आमचा विरोध नाही. परंतु पंचवीस वर्षांनी तुमच्यासाठी बूथ सांभाळणारी पोरे तयार करायचा कारखाना म्हणून महाविद्यालय वापराल, तर आमच्याशी सामना आहे. आज ज्याच्या हातात तुम्ही काठी देता, उद्या त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, त्याची पोलीस भरती जाते, स्पर्धा परीक्षेचा अर्ज अडकतो आणि ऊस तोडून त्याला शिकवणारा बाप कोर्टाच्या तारखा मोजत बसतो. तुमचा मुलगा मात्र पुण्या-मुंबईत शिकत असतो.

विद्यार्थ्यांनो, तुम्हालाही इशारा आहे. मत विकू नका आणि घाबरून घरी बसू नका. धमकी आली तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा आणि अर्जाची पोच घ्या. पोच नसलेल्या तक्रारीला या जिल्ह्यात कोणी विचारत नाही.

आता मुदत. ३१ जुलैपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाने पाच गोष्टी सूचनाफलकावर लावाव्यात : निवडणुकीची तारीख, वर्गवार मतदार यादी, बाहेरच्या निर्णय अधिकाऱ्यासाठी विद्यापीठाला पाठवलेल्या पत्राची प्रत, तक्रार निवारण समितीची नावे आणि खर्चाचे नियम. शासनाकडून वेळापत्रक आले नाही, असे उत्तर असेल तर ते मागणारे लेखी पत्र तरी फलकावर दिसले पाहिजे. तोंडी आश्वासन आम्ही ऐकून घेणार नाही.

१ ऑगस्टला ज्यांनी हे केले आणि ज्यांनी केले नाही, अशा महाविद्यालयांची नावे तालुकावार जाहीर होतील. १५ ऑगस्टपासून बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बेमुदत धरणे सुरू होईल. २३ ऑगस्टला, विद्यापीठाच्या वर्धापन दिनी, आम्ही पालकांसह विद्यापीठाच्या दारात असू आणि कुलगुरूंकडे लेखी उत्तर मागू. एवढ्यावरही हालचाल झाली नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आणि २०१६ च्या कायद्याचे कलम ९९ हातात घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल करू. टाळाटाळ करणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला आणि विद्यापीठाला त्यात प्रतिवादी केले जाईल. आमचा एकही माणूस दगड उचलणार नाही, एकही बस अडवणार नाही. कायद्याने जे करता येते त्यातले काहीही आम्ही शिल्लक ठेवणार नाही.

आम्ही नवे काही मागत नाही. कायदा झालेला आहे, नियम लिहिलेले आहेत, मतदारही वर्गात बसलेले आहेत. बाकी आहे ते तुमचे कर्तव्य. ३१ जुलै ही शेवटची तारीख आहे आणि तिला मुदतवाढ नाही.