गृहयंत्रचर्चा : गिअरचा लुकलुकणारा दिवा

जुन्या मोटारीच्या दर्शनी फळीवर एखादा दिवा अकस्मात् लुकलुकूं लागला म्हणजे घरांत तत्काळ दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, "गाडी चालते आहे ना, मग दिव्याकडे कशाला पाहावयाचें?" तरुण मंडळी म्हणतात, "आतां ही विकून टाकावी." आणि मोटार ज्या कारखान्यांत नेली जाते तेथील कारागीर उभ्याउभ्याच निकाल देतो कीं, गिअरपेटी गेली, नवी बसवावी लागेल. हा तिसरा निकाल सर्वांत महाग. कारण पंचवीस-तीस वर्षांच्या मोटारीची स्वयंचलित गिअरपेटी बदलण्याचा खर्च पुष्कळदां त्या मोटारीच्या किंमतीहून अधिक होतो. म्हणून पेटीच बिघडली आहे, कीं पेटीची वार्ता आणणारी एखादी तार तुटली आहे, हें आधीं ठरविणें अवश्य आहे. हा निर्णय बऱ्याच अंशीं घरच्या घरीं करतां येतो. त्यास एक विजेरी, एक स्वच्छ पांढरें फडकें, वीतभर तार व एक मल्टीमीटर इतकीं साधनें पुरतात.

उदाहरणादाखल आम्ही १९९२-९३ सालच्या घडणीची, चार सिलिंडरांची टोयोटा कॅम्री घेतों. त्या सुमारास अमेरिकेंत संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांस या मोटारीची ओळख करून द्यावयास नको. तिच्या फळीवर 'ओ डी ऑफ' अशीं अक्षरें असलेला एक दिवा आहे. तो स्थिर जळत असेल तर भिण्याचें कांहींच कारण नाहीं. गिअरच्या दांड्यावरील बटण कोणाच्या तरी हातून दाबलें गेलें आहे व चौथा गिअर बंद ठेवला गेला आहे, इतकाच त्याचा अर्थ. मुलें पुढें बसलीं कीं हें हटकून घडतें. घाट उतरतांना तर हें बटण मुद्दाम दाबावें, म्हणजे इंजिनच मोटारीस आवरून धरतें व ब्रेक तापत नाहींत. परंतु तोच दिवा आपण होऊन लुकलुकूं लागला तर मात्र पेटीवर नजर ठेवणाऱ्या संगणकास कांहींतरी खटकलें आहे असें समजावें.

अशा वेळीं पहिलें काम तेल पाहण्याचें. मोटार बरीच चालवून तेल तापल्यावर सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, पाय ब्रेकवर ठेवून दांडा सर्व स्थानांतून एकवार फिरवून 'पी' वर आणावा, आणि इंजिन चालू असतांनाच पट्टी काढून पाहावी. होंडाच्या मोटारींत याच्या उलट रीत आहे. तेथें इंजिन तापवून बंद करावें व लगेच पट्टी पाहावी. एका घराण्याची रीत दुसऱ्यास लावल्यामुळें चांगल्या पेटींत नको तितकें तेल ओतलें जातें, हें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिलें आहे. पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. तेल तांबडें असेल तर उत्तम. तपकिरी असेल तर जुनें झालें. काळें होऊन करपल्याचा वास येत असेल तर आंतील घर्षणपट्ट्या जळत आहेत. आणि गुलाबी दुधासारखें दिसलें तर रेडिएटरमधील पाणी तेलांत शिरलें आहे. शेवटच्या दोन्ही प्रकारांत पुढील परीक्षा करीत बसूं नये. मोटार चालवूं नये, पुढील चाकें उचलून ती ओढून न्यावी.

तेल निर्दोष असेल तर संगणकाकडेच विचारणा करावी. इंजिनच्या दालनांत 'डायग्नोस्टिक' असें झांकणावर लिहिलेली एक लहानशी डबी आहे. तिच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस कोणतें भोंक कोणतें याचा नकाशा छापलेला असतो. त्यांतील 'टीई१' व 'ई१' हीं दोन भोंकें तारेनें जोडावीं. तिसऱ्या कशासही तार लागूं देऊं नये. दांड्यावरील बटण चौथा गिअर चालू राहील अशा स्थितींत असावें, नाहीं तर दिवा नुसता स्थिर जळेल व कांहींच बोलणार नाहीं. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करूं नये. दिवा एकसारखा भरभर लुकलुकला तर संगणकाच्या वहींत तक्रार नाहीं. चार वेळां लुकलुकून थांबला व पुन्हा दोन वेळां लुकलुकला तर ती संख्या ४२ होय. ४२ म्हणजे पहिला वेगसंवेदक, ६१ म्हणजे दुसरा. ६२ व ६३ म्हणजे गिअर बदलणारे पहिला व दुसरा सोलेनॉइड. ६४ म्हणजे तिसरा. ही संख्या तत्काळ कागदावर लिहून ठेवावी. पुष्कळ कारखान्यांत मोटार आली कीं प्रथम बॅटरीची तार काढतात. त्यासरशी ही सारी वही पुसली जाते, आणि मग कारागिराच्या तर्कावांचून दुसरा आधार राहत नाहीं. १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारींस ओबीडी-२ हा एकसारखा जोड सक्तीचा झाला, आणि भारतांत २०१३ पासून. त्या मोटारींस तारेची खटपट नको, वाचकयंत्र लावलें कीं संख्या पडद्यावर उमटते.

आतां संख्या मिळाली म्हणजे दोष मिळाला असें मात्र नव्हे, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. ६२ याचा अर्थ "पहिला सोलेनॉइड बिघडला" असा नसून "पहिल्या सोलेनॉइडच्या वाटेनें वीज नीट जात नाहीं" असा आहे. त्या वाटेवर जोड आहे, तार आहे, जमिनीची जोडणी आहे, आणि अगदीं शेवटीं तो सोलेनॉइड आहे. पेटीकडे जाणारा जोड सोडवून सोलेनॉइडचें टोंक व पेटीचा धातु यांमधील विरोध मोजावा. तो ११ ते १५ ओहम भरला तर त्याची गुंडाळी शाबूत आहे, दोष तारेंत शोधावा. विरोध अनंत दाखविला तर सोलेनॉइड बदलावा; तो तेलाच्या खालच्या तबकाआड असतो, त्यासाठीं पेटी मोटारींतून उतरवावी लागत नाहीं. ४२ आली असून वेगदर्शकाचा कांटाही निपचित पडला असेल तर पहिल्या संवेदकाकडे व त्याच्या जोडाकडे पाहावें.

पेटी यंत्रतः धड आहे कीं नाहीं हें ठरविण्याची एक फार सुंदर परीक्षा या मोटारींत आहे. तिचें तत्त्व समजण्यासाठीं थोडें आंत डोकावलें पाहिजे. पहिल्या गिअरसाठीं संगणक फक्त पहिल्या सोलेनॉइडला वीज देतो, दुसऱ्यासाठीं दोघांस, तिसऱ्यासाठीं फक्त दुसऱ्यास, आणि चौथ्यासाठीं कोणासही नाहीं. अर्थात् दोघांची वीज तोडली तर 'डी' वर मोटार एकदम चौथ्या गिअरांत निघते व अतिशय जड चालते. परंतु दांडा 'एल' वर ठेवल्यास तेलाच्या वाटाच अशा जुळतात कीं पहिला गिअर मिळतो, आणि '२' वर ठेवल्यास तिसरा. म्हणून सोलेनॉइडचा जोड सोडवून, मोकळ्या रस्त्यावर, जाणत्या हातांनीं मोटार हळू चालवावी. 'एल' वर पहिला, '२' वर तिसरा, 'डी' वर चौथा आणि 'आर' वर मागें जाणें हे चारही न घसरतां मिळाले तर पेटी शाबूत आहे. रोग विजेचा आहे. ज्यास नवी पेटी बसवावयास सांगितलें असेल त्यानें ही एक परीक्षा आपल्यासमोर करून मागावी. जो कारागीर ती करण्यास नाकारील त्याच्या हातीं मोठी रक्कम देऊं नये, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

विजेच्या इतर खोड्या तर याहून चमत्कारिक. सकाळीं मोटार सुरू होते, पण दांडा 'पी' वरून हालत नाहीं. सर्व जण पेटीस दोष देतात. मागें जाऊन पाहावें तों ब्रेकचे दिवे लागत नाहींत! ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज किंवा पायाखालचा स्विच गेला कीं, ब्रेक दाबला हें संगणकास कळत नाहीं व दांड्याची कडी सुटत नाहीं. फ्यूज कवडीमोल असतो, आणि तेवढ्यासाठीं मोटार ओढून नेणारे गृहस्थ आहेत. दांड्याशेजारीं कडी हातानें सोडविण्याची सोय असते. ती कोठें आहे हें घरांतील प्रत्येक चालकानें, सुनांनीं व लेकींनींसुद्धां, आधींच पाहून ठेवावें.

ब्रेक दाबतांच फळीवरील दिवे मंद उजळले किंवा मागील एक दिवा चमत्कारिक रीतीनें लागला तर त्या दिव्याची जमिनीची जोडणी गंजली आहे असें समजावें. विजेस परतीची सरळ वाट मिळाली नाहीं म्हणजे ती शेजारच्या दिव्याच्या तंतूंतून आडवाटेनें घरीं जाते. हाच न्याय इंजिन व बॅटरी यांमधील जाड पट्ट्यासही लागू आहे. तो खिळखिळा झाला तर संगणकास खोटे आंकडे दिसतात व निर्दोष पेटीचा दिवा लुकलुकतो. बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालतांना १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असल्यास आधीं डायनॅमोची, म्हणजे हल्लींच्या भाषेंत अल्टरनेटरची, व्यवस्था करावी आणि मगच गिअरचा विचार करावा.

होंडाच्या त्या काळच्या अ‍ॅकॉर्ड व सिव्हिक मोटारींची एक खोड प्रसिद्धच आहे. उन्हांत उभी केलेली मोटार सुरू होत नाहीं. संध्याकाळीं गार झाली कीं कांहींच झालें नाहीं अशा थाटांत चालूं लागते. इंधनाच्या पंपास वीज देणाऱ्या मुख्य रिलेंतील डाखाचे जोड तडकलेले असतात, आणि उष्णतेनें ती फट उघडते. किल्ली फिरवितांच मागून दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकूं आली पाहिजे; ती आली नाहीं तर संशय या रिलेवर धरावा. ती काढून जोडांस नव्यानें डाख दिला तरी काम भागतें. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही हें तासाभरांत करून देईल.

दुरुस्ती झाल्यावर कॅम्रीचा 'ईएफआय' नांवाचा फ्यूज किल्ली बंद असतांना दहा-पंधरा सेकंद काढून पुन्हा बसवावा, म्हणजे संगणकाची वही कोरी होईल. नंतर पांच-पंचवीस मैल मोटार सर्व गिअरांतून चालवून तार पुन्हा लावून पाहावी. तीच संख्या पुन्हा उमटली तर कारागिरास पैसे देण्यापूर्वीं ती त्यास दाखवावी.