काकवीची वाटी

काय मंडळी, कपाटातून स्वेटर निघाले की नाही? मुंबईकरांना विचारतच नाहीये, त्यांना पंखा एकवर केला तरी थंडी वाजते! पण पुण्या-नाशकात सकाळी बाइक काढताना बोटं गारठायला लागली, की ऑफिसच्या ग्रुपवर हुरडा पार्टीची पॅकेजेस फिरू लागतात. बैलगाडीची चक्कर, अनलिमिटेड ताक, झाडाखाली सेल्फी. मीही जातो, मजा येते. फक्त आमच्या लहानपणीची कार्तिकातली थंडी हुरड्याची नव्हती, गुळाची होती.

कोल्हापूरकडच्यांना इथंच वास आला असेल. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे व्हायचे आणि पंचगंगेकाठची गुऱ्हाळं धडधडायला लागायची. शाळा सुटली की दप्तर सोप्यात फेकायचं, आज्जीकडून पितळी वाटी घ्यायची आणि आम्ही चुलतभावंडं पळत सुटायचो.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाण्यात ऊस पिळायचा, रस भल्यामोठ्या काहिलीत ओतायचा आणि खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं सारत राहायची. भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती काढून टाकायची. दोन-अडीच तासांनी रस आळत आला, की सगळ्यांचे डोळे गुळव्याकडे. थर्मामीटर-बिर्मामीटर काही नाही! थेंबभर पाक गार पाण्यात सोडायचा आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघायची. वेळ चुकली तर गुळाचा रंग गेला, आणि रंग गेला की सौद्यात भाव गेला. गोळी व्हायच्या जरा आधीचा पाक म्हणजे काकवी. एवढ्या घाईतही आम्हाला बघून तो ओरडायचा, "आलासा व्हय? वाट्या फुडं करा. लांबनं रं, भाजंल!"

गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, हा रिवाज. पोर असो नाहीतर वाटसरू, काकवी कुणी मोजून देत नसे. घरी आज्जी गरम भाकरी चुरून त्यावर ती ओतायची, वर तुपाची धार. मग तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. तिच्या हाताला कायम धुराचा वास यायचा. अजूनही कुठं चूल पेटलेली दिसली की मी दोन मिनिटं थांबतो.

'साधं-सोपं बालपण' असं आपण पटकन म्हणून टाकतो ना, तिथं मी जरा अडखळतो. कारण त्याच गोधडीतून मला सोप्यात बसलेले वडील आणि काका दिसायचे. मध्ये कंदील आणि अडत्याकडून आलेली पट्टी. अडत, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, सगळं वजा करून हातात काय उरलं याचा हिशेब चालायचा. इतक्या हळू आवाजात, की पोरं जागी होऊ नयेत. मग पहाटेच्या आधणासाठी दोघंही उठून जायचे. सकाळी आमच्यापर्यंत यायची ती फक्त वाटी.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, छान झालं. पण आमच्याकडची बरीच गुऱ्हाळं आता थंड आहेत. कारखाना ऊस तोडूनही नेतो. गुऱ्हाळाला माणसं आपली आपण जमवावी लागतात, आणि रात्रभर चुलवाणापुढं बसायला कोण येणार? गुळव्याचा मुलगा नोकरीला लागला असेल तर मला आनंदच आहे. आपणही तेच केलं की!

परवा काकांचा फोन आला. दोन-तीन गुंठ्यांतला ऊस त्यांनी शेजारच्या गुऱ्हाळासाठी मागं ठेवलाय, एक आधण निघेल. "शनवारी पोरीला घिऊन ये. आन् काकवी न्यायला स्टीलचा डबा आण बाबा. गेल्या साली पुण्याच्या पावण्यानं प्लास्टिकची बाटली आणलीवती. गरम काकवी वतली, बाटलीचा पार बोळा झाला!"