केंद्रकाच्या दारातील संदेश

चेहऱ्यावरचे डाग जावेत, वर्ण उजळावा म्हणून पुष्कळ जण दुकानातून मलमाची नळी आणतात. त्या मलमात स्टेरॉइड असेल, तर त्याचा परिणाम त्वचेच्या पृष्ठभागावर थांबत नाही. तो पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. असे औषध स्वतःच्या मनाने वापरणे कितपत योग्य आहे?

पेशीचा कारभार केंद्रकातील जनुकांवर चालतो. कोणत्या जनुकाने केव्हा काम करावे, हे ठरवणाऱ्या प्रथिनांना प्रतिलेखन घटक म्हणतात. यांपैकी अनेक प्रथिने एरवी केंद्रकाबाहेर थांबलेली असतात. योग्य संदेश आल्यावरच ती आत जातात. मूत्रपिंडांवरील ग्रंथींत तयार होणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक असाच एक संदेश होय. ते पेशीत शिरून एका ग्राही प्रथिनाला जोडले जाते. तोवर इतर प्रथिनांनी त्या ग्राहीला धरून ठेवलेले असते. संप्रेरक जोडले जाताच ग्राहीचा आकार बदलतो आणि तो केंद्रकाच्या आवरणातील सूक्ष्म छिद्रांतून आत जातो. तेथे तो काही जनुकांना कामाला लावतो, तर दाह वाढवणाऱ्या काही जनुकांना आवर घालतो. संप्रेरक ओसरले की हे कामही ओसरते. संदेश वेळेवर येणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर थांबणेही महत्त्वाचे असते.

डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे याच ग्राहीला जोडली जातात. 2020 साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत असे दिसले, की डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. 2021 साली भारतात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने अनेकांचे डोळे आणि प्राण हिरावले. अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडचा अवाजवी वापर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. कारण हे औषध रक्तातील साखर वाढवते आणि रोगप्रतिकारशक्ती दुबळी करते.

म्हणून स्टेरॉइडला विष ठरवावे काय? मुळीच नाही. दमा, संधिवात अशा आजारांत ते अनेकांचा आधार आहे. भीतीपोटी ते एकाएकी बंद करणेही घातक ठरू शकते. कारण दीर्घकाळ बाहेरून संदेश मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते. दोष औषधाचा नसून अविचारी वापराचा आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी औषधे न विकण्याचा नियम दुकानदारांनी पाळलाच पाहिजे. परंतु केवळ नियम पुरेसा नाही. नळीवरील नाव वाचणे, औषध किती दिवस घ्यायचे आणि कसे थांबवायचे हे डॉक्टरांना विचारणे, हा रुग्णाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पेशी आलेला संदेश खरा की अनावश्यक, हे पारखत नाही. ती तो पाळते. पारख माणसानेच करायची असते.