सीए-१२५ वाढले म्हणजे कॅन्सर झाला का?

महिला दिन किंवा दिवाळी जवळ आली की मोबाईलवर ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती सुरू होतात. साठ-सत्तर चाचण्या, घरी येऊन रक्त नेणार, वर घसघशीत सूट. आता या यादीत ‘कॅन्सर मार्कर’ असाही एक गट असतो आणि महिलांच्या पॅकेजमध्ये त्यात बहुधा सीए-१२५ ही चाचणी असते. मग संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतो. कमाल मर्यादा ३५, तुमचा आकडा ५२, तोही ठळक अक्षरांत. त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही.

सीए-१२५ हे रक्तात सापडणारे एक प्रथिन आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते वाढते, हे खरे. पण ते मासिक पाळीच्या दिवसांत वाढते, गरोदरपणात वाढते, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी आणि यकृताचा सिरॉसिस यांतही वाढते. आपल्याकडे आणखी एक कारण विसरून चालत नाही: पोटाचा क्षयरोग. त्यात पोटात पाणी होते, वजन घटते, सीए-१२५ कित्येक पटींनी वाढते आणि सगळे चित्र हुबेहूब कॅन्सरसारखे दिसते. हा आजार मात्र गोळ्यांनी बरा होतो.

जाहिरातीत ‘९९ टक्के अचूक’ असे लिहिलेले असते. ते खोटे असेलच असे नाही. हिशोब करून पाहू. पन्नाशीच्या पुढच्या, कोणताही त्रास नसलेल्या १०,००० महिलांची चाचणी केली. हा कॅन्सर तसा विरळ, म्हणून त्यांच्यापैकी ४ जणींना तो आहे असे धरू. चाचणीने त्यांतल्या ३ पकडल्या. उरलेल्या ९,९९६ निरोगी महिलांपैकी साधारण १ टक्का, म्हणजे १०० जणींचा आकडा ३५ च्या वर गेला. १०,००० पैकी ९,८९९ जणींचे उत्तर बरोबर आले, म्हणजे अचूकता जवळजवळ ९९ टक्के! पण ज्या १०३ जणींच्या हातात ‘वाढलेला’ रिपोर्ट पडला, त्यांच्यापैकी कॅन्सर आहे फक्त ३ जणींना. (चाचणी न करता सगळ्यांना ‘तुम्हाला कॅन्सर नाही’ असे सांगितले असते, तरी अचूकता ९९.९६ टक्के भरली असती. म्हणून नुसत्या ‘अचूकते’च्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही.)

लॅब मान्यताप्राप्त आहे, मशीन नवे आहे, याने हा हिशोब बदलत नाही. लॅबने प्रथिन किती आहे ते बरोबर मोजले. ते कशामुळे वाढले, हे मशीनला कळत नाही.

‘शंका आली तर पुढच्या तपासण्या करू, त्यात नुकसान काय?’ असे नातेवाईक विचारतात. याचे उत्तर अमेरिकेतील पीएलसीओ या मोठ्या अभ्यासात आहे. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ महिलांपैकी निम्म्यांची सीए-१२५ आणि सोनोग्राफीने दरवर्षी तपासणी झाली. ३,२८५ जणींना चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ निकाल मिळाला. त्यांच्यापैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. यांना कॅन्सर नव्हता. अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक महिलांवर असाच अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचाही निष्कर्ष तोच आला: तपासणीमुळे मृत्यू घटले नाहीत.

मग ही चाचणी निरुपयोगी आहे का? नाही. पाळी कायमची बंद झालेल्या आणि सोनोग्राफीत अंडाशयावर संशयास्पद गाठ दिसलेल्या १०० महिला घेऊ. त्यांच्यापैकी ४० जणींना कॅन्सर आहे असे धरू. चाचणीने ३२ पकडल्या आणि १२ जणींना चुकीचे पॉझिटिव्ह ठरवले. आता ४४ पैकी ३२ रिपोर्ट खरे. चाचणी तीच, किंबहुना इथे ती जास्त वेळा चुकली. बदलली ती चाचणीआधीची शंका. अंडाशयाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना त्यांचा परिणाम पाहण्यासाठीही सीए-१२५ उपयोगी पडते.

उलट बाजूही लक्षात घ्या. सुरुवातीच्या टप्प्यातील साधारण निम्म्या रुग्णांत सीए-१२५ नॉर्मल असते. त्यामुळे पोट सतत फुगणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे हा त्रास काही आठवडे टिकत असेल, तर ‘पॅकेजमध्ये सगळे नॉर्मल होते’ म्हणून थांबू नका.

तपासणीने जीव वाचतात, पण त्या तपासण्या वेगळ्या आहेत. टाटा मेमोरियलने मुंबईतील झोपडपट्ट्यांमधील सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तीस वर्षांवरील लोकांसाठीच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, सीए-१२५ नाही.

वाढलेला रिपोर्ट हातात असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे धावण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. रक्त दिले त्या दिवशी पाळी चालू होती का, ते आठवून सांगा. पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा घरात कोणाला असेल, तेही सांगा. सोनोग्राफी नॉर्मल असेल, तर बहुतेक वेळा काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये चाचणी पुन्हा करतात आणि आकडा चढतो की उतरतो ते पाहतात. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर मात्र रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा.