औषधोपचार आणि बाजारांतील चढाओढ

कित्येक विचारी गृहस्थांचें असें मत आहे कीं, धान्य-कापडाप्रमाणें वैद्यकीय सेवाही बाजारांतील चढाओढीवर सोंपवावी. म्हणजे तिचा खर्च आपोआप उतरेल. या मतांत मुळींच तथ्य नाहीं असें नाहीं. आपल्याच देशाचें उदाहरण घ्या. १९७० च्या पेटंट कायद्यान्वयें औषध बनविण्याच्या कृतीस पेटंट मिळे, खुद्द औषधास मिळत नसे. त्यामुळें एकच औषध निरनिराळ्या कृतींनीं करणारे पुष्कळ कारखाने निघाले. एड्स रोगावरील तीन औषधांच्या उपचारास पाश्चात्य देशांत वर्षाला १०,००० डॉलरांहून अधिक पडत असतां, २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तो डॉक्टरांच्या एका सेवाभावी संस्थेस ३५० डॉलरांत देऊं केला. पुढें इतर कारखानेही उतरले व दर आणखी खालीं आला. चढाओढीनें येथें खरोखर प्राण वाचविले. मात्र त्या चढाओढीस जागा कायद्यानेंच करून दिली होती, हें तिचे कैवारी सहसा सांगत नाहींत. (२००५ पासून औषधासही पेटंट मिळूं लागलें आहे.)

आतां दुसरी बाजू पाहूं. हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून तींत ‘स्टेंट’ नांवाची बारीक जाळीदार नळी बसवितात. ती विकणाऱ्या कंपन्या थोड्या नव्हत्या. तरी २०१७ च्या आरंभीं औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरीनें १,२१,००० रुपये होती! असें कां व्हावें? कारण स्टेंट निवडतो डॉक्टर, विकतें रुग्णालय, आणि पैसे मोजतो रोगी. ज्या मालावर रुग्णालयास नफा अधिक, तो अधिक खपणार. तेव्हां चढाओढ लागली ती छापील किंमत वाढविण्याची. अखेर त्याच वर्षीं फेब्रुवारींत औषधांचे दर ठरविणाऱ्या सरकारी प्राधिकरणानें करांखेरीज २९,६०० रुपयांची मर्यादा घातली.

वडील छातींत कळ येऊन पडले असतां मुलानें चार रुग्णालयांत भाव विचारीत हिंडावें, अशी अपेक्षा कोण करील? महाराष्ट्रांत २०२१ सालीं सुधारलेल्या नियमांनीं खासगी शुश्रूषागृहांस दरपत्रक दर्शनी भागीं लावण्यास सांगितलें, तें योग्यच झालें. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया महिनाभर पुढें ढकलूं शकणाऱ्या गृहस्थास त्याचा उपयोग होईल, आणि त्याच्यासाठीं दवाखान्यांत चढाओढही लागेल. अर्ध्या रात्रीं रुग्णवाहिकेतून आणलेल्या रोग्यासाठीं मात्र सरकारनें बांधून दिलेलाच दर हवा, असें आमचें स्पष्ट मत आहे.