कोळंबी कोरडी करा, मग तळा

गोड-तिखट पाकात घोळलेली कुरकुरीत कोळंबी हॉटेलातच खायची, असं मासे खाणाऱ्या घरांतही धरून चालतात. कालवण घरी होतं, कोळंबीभात घरी होतो, रव्यात घोळवून तव्यावर टाकलेली कोळंबी तर आठवड्याला होते. पण ती चकचकीत प्लेट मात्र बाहेरून मागवली जाते, आणि डबा घरी पोचेपर्यंत वरचं आवरण मऊ पडून सुटायला लागलेलं असतं. माझं मनापासून सांगणं आहे, की हा पदार्थ घरीच करा. तो डब्यातून येण्यासारखा नाहीच. कढईतून थेट ताटात आला तरच त्याला अर्थ आहे. करायला अवघडही नाही. फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाण्यावर नजर ठेवावी लागते. कोळंबीच्या अंगावरचं पाणी, तेलात पडल्यावर सुटणारं पाणी आणि पाकात राहिलेलं पाणी, ही तिन्ही सांभाळली की बाकी मसाला तुमच्या हाताचा.

तळलेला तुकडा गोड-तिखट रसात घोळवायची रीत कोरियात आहे, चीनमध्ये आहे. आपल्याकडे ती चायनीजच्या गाड्यांवरून घराघरांत ओळखीची झाली. चिकन मांचुरियन नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं असं मानतात, आणि पुढे त्याच वळणाने कोळंबीही कॉर्नफ्लोअरमध्ये बुडाली. गूळ, चिंच आणि लाल मिरची ही त्रयी तर आपल्या आमटीत रोज असते. त्यामुळे सॉसच्या चार बाटल्या आणायची गरज नाही. पाक घरातल्याच सामानाचा करा, तो जास्त चांगला लागतो.

आता बाजार. किलोला तीस-चाळीस नग बसतील अशी कोळंबी घ्या. त्याहून लहान असेल तर आवरण कुरकुरीत होईपर्यंत आतलं मांस चिवट होतं. करंदी कितीही ताजी आणि स्वस्त मिळाली तरी ती या पदार्थासाठी नको, तिची भजी करा. अख्खी, डोक्यासकट कोळंबी घेतलीत तर ताजेपणा ओळखता येतो: डोकं धडाला घट्ट धरलेलं, कवच चमकदार आणि वास समुद्राचा. डोकं लोंबत असेल, कवच मांसापासून सैल झालं असेल, नाकाला झोंबणारा अमोनियासारखा दर्प येत असेल तर घेऊ नका. डोक्यापाशी काळे डाग पडू लागले असतील तर कोळंबी पकडून वेळ झाला आहे असं समजा. मासेवाल्या मावशींना स्पष्ट विचारा, आजची की कालची. नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर त्या खरं सांगतात, आणि हे नातं जपण्यासारखं आहे. किलोभर अख्खी कोळंबी सोलून साफ केली की निम्म्याच्या आसपास उरते. चार माणसांना तेवढी पुरते.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दिवसांत समुद्रातल्या कोळंबीचा हट्ट धरू नका. तळ्यात वाढवलेली व्हानामी बारा महिने मिळते. ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची जात. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आता आंध्र प्रदेशात तिची सर्वात जास्त शेती होते. कालवणात ती समुद्रातल्या कोळंबीची बरोबरी करत नाही असं माझं मत आहे, पण तळणीला उत्तम, कारण नग एकसारखे असतात आणि एकाच वेळी शिजतात. फ्रोझन पाकीट आणलंत तर रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली गळून जाईल. गरम पाण्यात टाकून घाईने बर्फ काढू नका.

साफ करताना शेपटीचं टोक ठेवलंत तर दिसायला छान आणि धरायला सोयीचं. मात्र त्या शेपटीच्या पाकळ्यांत पाणी दडलेलं असतं, आणि कढईतून तेल उडून हातावर येतं ते बरेचदा याच पाण्यामुळे. शेपटीचं टोक कात्रीने तिरकं कापा आणि सुरीच्या बोथट बाजूने दाबून आतलं पाणी काढून टाका. जपानी स्वयंपाकी टेंपुरा करताना हेच करतात. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. पोटाच्या बाजूने दोन-तीन हलक्या चिरा दिल्यात तर कोळंबी तळताना पार वेटोळं करत नाही.

धुतल्यावर चाळणीत निथळा. मग स्वच्छ सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने दाबून टिपा. पाऊण चमचा मीठ, थोडी हळद आणि चिमूटभर मिरपूड चोळून पंधरा मिनिटं ठेवा. मीठ पुन्हा थोडं पाणी बाहेर ओढतं, ते परत टिपा. त्यानंतर ताटात एकेरी पसरून, न झाकता, अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. हे सगळं अति वाटेल, पण या पदार्थातले निम्मे कष्ट इथेच आहेत आणि इथले कष्ट वाचवून पुढे काहीही केलं तरी उपयोग होत नाही. ओली कोळंबी तेलात पडली की तेलाची उष्णता आधी ते पाणी उकळवण्यात खर्च होते. तोवर आवरण तेल पितं आणि आतलं मांस वाफेवर शिजून रबरासारखं होतं.

आलं-लसणाचं वाटण घालायची आपली सवय आहे. घाला, पण चमचाभरच, आणि पिळून. लिंबू मात्र तळण्याआधी लावू नका. आंबटाने मांस कढईत जाण्याआधीच घट्ट व्हायला लागतं आणि जास्त वेळ राहिलं तर भुसभुशीत होतं. आंबटपणा पाकात येणारच आहे.

आवरणासाठी पाऊण वाटी तांदळाची पिठी, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, चवीपुरतं मीठ. मैदा नको. मैद्यातल्या ग्लूटेनने आवरण पावासारखं चिवट होतं, तांदळाच्या पिठीत ग्लूटेन नसतं. एका अंड्याचा पांढरा भाग काट्याने मोडून त्यात कोळंबी घोळवा, जास्तीचं निथळू द्या, मग पिठात दाबून दाबून लोळवा. अंडं चालत नसेल तर दोन चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात पातळ कालवून वापरा. पीठ लावून दहा मिनिटं तशीच ठेवा, म्हणजे आवरण धरून राहतं.

तळण्याआधी पाक करून ठेवा. बहुतेक जण हे उलट करतात: कोळंबी तळून होते आणि मग गूळ किसायला घेतात.

शंभर ग्रॅम चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, पाव वाटी पाणी. सहा-आठ लसूण पाकळ्या बारीक चिरून. मिरचीसाठी चार-पाच ब्याडगी मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात भिजवा आणि अगदी गंधासारख्या वाटा. ब्याडगीचा रंग गडद आणि तिखटपणा सौम्य असतो. झणका हवा असेल तर सोबत एखादी लवंगी किंवा संकेश्वरी वाटा. बाहेरच्या प्लेटीला जो भडक केशरी रंग असतो तो अनेकदा बाटलीतला असतो. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये गोबी मांचुरियनमध्ये आणि नंतर कबाबांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली ती याच कारणाने. घरी त्याची काहीच गरज नाही.

पसरट कढईत मोठा चमचाभर तेल घेऊन मंद आचेवर लसूण नुसता गुलाबी करा. करपला तर पाक कडू होतो आणि मग त्याला कशानेही सावरता येत नाही. वाटलेली मिरची घालून तेल सुटेपर्यंत परता, मग गूळ, कोळ आणि पाणी. आवडत असेल तर चमचाभर सोया सॉस. गूळ विरघळला की एकदा गाळून घ्यायला हरकत नाही, गुळात बारीक खडे असू शकतात. आता पाक आटू द्या. एकतारी झाला की थांबा. दोन बोटांत तार आली पाहिजे, गोळीबंद नको. ज्यांना तार पाहायची सवय नाही त्यांनी थंड बशीवर थेंब टाकावा आणि बशी तिरपी करावी. थेंब सावकाश सरकला तर झाला, पळाला तर अजून आटवा. पातळ पाक म्हणजे पुन्हा पाणीच. एवढ्या मेहनतीने कोरडं केलेलं आवरण ते क्षणात पिऊन घेईल. चिंचेच्या आंबटामुळे गुळाची साखर सहसा धरत नाही, पाक गुळगुळीत राहतो. चिंचेऐवजी कोकमाचं आगळ वापरणार असाल तर त्यात मीठ असतं हे लक्षात ठेवा, आणि पाक चाखूनच मीठ घाला.

तळणीसाठी खोल, जड बुडाची कढई घ्या आणि तेल एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. बाजूला कढईवर बसेल असं झाकण ठेवाच. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करायचा आणि झाकण घालायचं. पाणी कधीही ओतायचं नाही. लहान मुलं त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर असावीत.

तेल १७५ ते १८० अंशांवर हवं. तळणीचा थर्मामीटर आता सहज मिळतो, वर्षानुवर्षं कामाला येतो, घ्याच. नसेल तर पिठाचा छोटा गोळा टाकून पाहा: तळाला न बसता लगेच बुडबुडे घेत वर यायला हवा. एका वेळी सहा-सात कोळंब्या, त्याहून जास्त नाहीत. पाहुणे वाट पाहत असतात आणि हात आपोआप दोन जास्त टाकतो, पण तेवढ्याने तेल थंड होतं आणि सगळा घाणा तेलकट होतो. दीड ते दोन मिनिटं पुरतात. कोळंबी अर्धगोल वळली, बुडबुड्यांचा जोर कमी झाला आणि आवाज बारीक झाला की काढा. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफ. ते पूर्ण थांबेपर्यंत ठेवलीत तर आत रस उरणार नाही. काढून जाळीवर ठेवा. कागदावर ढीग केलात तर खालच्या बाजूला वाफ कोंडते आणि तिथेच ओल धरते.

सगळे घाणे झाले की आच वाढवून तेल १९० अंशांपर्यंत न्या आणि कोळंबी थोडी थोडी करून पुन्हा अर्धा मिनिट तळा. जाळीवर असताना आतलं पाणी आवरणात आलेलं असतं, ते या दुसऱ्या फेरीत उडून जातं. ही दुसरी फेरी टाळू नका. वेळ घड्याळ लावून मोजा, इथे अंदाजावर गेलं की कोळंबी कोरडी होते.

आता पाक पुन्हा गरम करा, गॅस बंद करा, गरम कोळंबी त्यात टाका आणि दोनच हेलकावे देऊन घोळवा. प्रत्येक तुकड्यावर पातळसा थर बसला की पुरे, ती पाकात पोहायला नको. वर भाजलेले तीळ आणि कांद्याची पात. हे काम माणसं पानावर बसल्यानंतरच करायचं. आणि घरातल्यांना एक विनंती: तळणारी व्यक्ती शेवटी एकटी, थंड झालेली कोळंबी घेऊन बसते असं होऊ देऊ नका. दुसरी फेरी आणि पाकात घोळवणं हे पाच-सात मिनिटांचं काम आहे. ज्यांनी आधी साफसफाई केली नाही त्यांनी ते उचलावं, आणि जिने सकाळपासून कोळंबी सोलली तिच्या ताटात पहिली वाढ पडावी.

पाकात घोळवलेली कोळंबी उरली तर दुसऱ्या दिवशी ती कुरकुरीत होईल अशी आशा धरू नका. चिरून भातावर परता. त्यापेक्षा लागेल तेवढीच घोळवा आणि बाकीची तळून कोरडी ठेवा. डोकी आणि टरफलं फेकू नका. थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतून, पाणी घालून वीसेक मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. दुसऱ्या दिवशीच्या कोळंबीभाताला हेच पाणी वापरा. तळणीचं तेल गार झाल्यावर फडक्याने गाळा. रंग काळसर झाला असेल, फेस येत असेल किंवा तापवताना लवकर धूर येत असेल तर टाकून द्या, पण मोरीत ओतू नका. बरं असेल तर एखाद्या वेळी पुन्हा मासे तळायलाच वापरा.

पुऱ्या-भज्यांना ते तेल वापरू नका असं सांगण्यामागे वासापेक्षा मोठं कारण आहे. काही माणसांना कोळंबीची ॲलर्जी असते, आणि ती बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे येते. हे प्रथिन तळून किंवा उकळून नष्ट होत नाही, त्यामुळे त्याच तेलात तळलेल्या बटाट्याच्या कापांनीही एखाद्याच्या अंगावर पित्त उठू शकतं, घसा सुजू शकतो, श्वास अडकू शकतो. म्हणून आमंत्रण देतानाच विचारा, कोळंबी, खेकडे चालतात ना? कोणी नाही म्हणालं तर आग्रह करू नका, ‘एक खाऊन बघ’ म्हणू नका. त्याच्यासाठी वेगळं काही करणार असाल तर ते वेगळ्या कढईत, ताज्या तेलात, कोळंबी हातात घेण्याआधी करून झाकून ठेवा.