गोळी, व्यायाम आणि मजुरीचा दिवस

मुदखेड रेल्वेच्या जंक्शनासाठी परिचित आहे, तसे परिसरातील फुलशेतीसाठीही. पहाटे वाकून फुले तोडावयाची आणि दिवस चढला की खुरपे घेऊन उकिडवे बसावयाचे, अशा कामात ज्यांची पंचवीस-तीस वर्षे गेली, त्या स्त्रियांची कंबर आणि गुडघे दुखू लागले तर नवल नाही. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या दोन गोळ्या. डायक्लोफेनॅकसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम आहे. तो बव्हंशी कागदावरच राहिला आहे.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट मानते. अशा वेदनेत झोप, चिंता आणि हालचाल यांचाही वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे, दाहशामक गोळ्यांनाही स्थान आहे. मात्र कंबरेचा पट्टा, वजन लावून ताण देणे आणि अफूवर्गीय औषधे ही नित्याच्या उपचारात नसावीत, असे म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा हे तर कंबरदुखीचे ओळखपत्रच होऊन बसले आहे!

तेव्हा गोळी की व्यायाम, या वादात फारसा अर्थ उरलेला नाही. खरा प्रश्न, दिवस कोणाच्या मालकीचा आहे, हा आहे. कारकून तासाभराने खुर्चीवरून उठू शकतो. शिक्षक शाळेत पायी जाऊ शकतो. त्यांनी केवळ गोळीवर विसंबावे, याचे समर्थन करणे कठीण. परंतु जिचा दिवस हंगाम आणि मुकादम ठरवितो, तिला ‘वाकू नका, विश्रांती घ्या’ असे सांगणे म्हणजे मजुरी सोडा असेच सांगणे होय. उद्याच्या कामावर उभे राहता यावे म्हणून ती गोळी घेते. तिला अडाणी ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

धोका मात्र तिलाच अधिक. मराठवाड्याच्या उन्हात घाम जातो आणि शेतात आडोसा नसल्याने बायका पाणी कमी पितात. अशा वेळी या गोळ्यांनी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटू शकतो. जठरात व्रण होण्याचे भय निराळे.

म्हणून उपदेशाआधी साधनांचा विचार व्हावा. उभ्याने तण काढता येईल असे लांब दांड्याचे अवजार, शेतावर पाणी आणि आडोसा, किती दिवस घ्यावी हे लिहून दिलेली गोळी, आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी व्यायामोपचार शिकविणारा माणूस, एवढे तरी अवघड नसावे. त्या उपचारासाठी नांदेड गाठावे लागले, तर तेवढ्याने एका दिवसाची मजुरी बुडते. गोळी गावातच मिळते.